तीन पावडरी आणि दत्ताचे पांढरे शर्ट

रविवार, ४ जानेवारी २००९

ही डायरी कुठल्याशा बिल्डरनं माझ्या लेकीच्या, इराच्या शाळेत वाटलेली. मुखपृष्ठावर चकचकीत टॉवरचं चित्र आहे. परवा तोच टॉवर बसमधून प्रत्यक्ष पाहिला. अर्ध्यावर थांबलाय आणि वर एकटी क्रेन उभी आहे. टॉवर होईल न होईल, डायरीचा कागद मात्र गुळगुळीत आहे, वाया घालवण्यासारखा नाही.

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. आमची इंटिरियरची कंपनी गेल्या महिन्यात बंद झाली. मालक निरोपाच्या भाषणात रडला, त्याला बघून मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे अर्ज करायला बसले. आता शारजाबाहेरच्या एका शूटिंग क्लबात स्टोअर्स आणि परचेस बघायचं. मी, जी शाळेतल्या एनसीसीत बँडमध्ये झांजा वाजवायची, ती बंदुकांच्या क्लबात! दत्ता म्हणाला, जा बाई, घरात बसलीस तर माझं आणि इराचं रोज ऑडिट करशील.

क्लबात ओळख करून देताना आधीच सांगून टाकलं की माझे मिस्टर दुबईत मोठ्या कन्सल्टन्सीत क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे क्यू.एस., आहेत. गरजेपोटी आलेली बाई असं कुणी समजायला नको.

सोमवार, १९ जानेवारी

क्लबाचे मॅनेजर कॅप्टन सईद. पोलिसांतून रिटायर झालेले, मिशी कंगव्यानं विंचरणारे, हिशेबाला पक्के. हिंदी, अरबी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात वापरतात. त्यांनी आज मला बोलावून खरं काम सांगितलं.

मेंबरांच्या सरावाला लागणारी पिस्तुलाची काडतुसं आतापर्यंत तयार बाहेरून यायची. ती आता परवडत नाहीत. कंपन्यांच्या पिकनिका बंद झाल्यात, क्लब अर्धा रिकामा असतो. म्हणून मागच्या बाजूच्या एका खोलीत, परवाना काढून, वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन त्यांत नवी पावडर आणि नवी गोळी भरायची, असं सुरू केलंय. खोलीचा प्रमुख रोमेल. फिलिपिन्सच्या लष्करात होता, बुटका, हसरा, आणि पुंगळीसारखाच नेहमी घासूनपुसून स्वच्छ. त्याच्या हाताखाली आणखी तिघं.

अडचण अशी की आत्ताची पावडर भयंकर काजळी सोडते. मेंबर येतात पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे अरबांच्या त्या पायघोळ झग्यात. बंद हॉलमध्ये अर्धा तास नेमबाजी केली की उजवी बाही करडी. गेल्या आठवड्यात अबू राशिद नावाचे एक जुने मेंबर इथून थेट पुतण्याच्या लग्नाला गेले आणि तिथे सगळ्यांनी त्यांना विचारलं, गाडीचं टायर बदललंत का? तेव्हापासून त्यांनी क्लबाकडे पाठ फिरवलीय, आणि त्यांच्यामागून त्यांचे दोस्तही यायचे थांबलेत.

कॅप्टन म्हणाले, "सुजाता मॅडम, कंदुरा व्हाइट, तो रूम चालू. कंदुरा ब्लॅक, तो एप्रिल के बाद खलास."

खलास म्हणजे खोली, रोमेल, ती तिघं आणि मी. सफाईनं जळणारी पावडर शोधायची जबाबदारी माझी. मी नाकावरचा चष्मा सरळ केला आणि होऊन जाईल म्हटलं. बारा वर्षं मी गोंद, व्हार्निश आणि पडद्यांची कापडं निवडलीत. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

दत्ताच्या ऑफिसनं टायमिंग बदललं. आता पहाटेच निघायचं आणि दुपारी मोकळं. मंदीत दोन शिफ्टमध्ये माणसं बोलावतात म्हणे. बरंच झालं. शारजा ते दुबईच्या त्या रोजच्या जॅममध्ये त्याची अर्धी हयात गेली. काल दुपारी मी घरी आले तर हा सोफ्यावर गाढ झोपलेला, तोंड उघडं. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला ताण असतोच.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सप्लायरनं तीन पावडरींचे नमुने पाठवलेत. डबे अगदी छोटे, कारण परवान्यात नमुन्याला तेवढीच मुभा. परत मागवायचं तर महिनेच्या महिने कागद फिरणार. म्हणजे प्रत्येक पावडरीची एकच परीक्षा, एटीकेटी नाही.

डब्यांवर नुसते आकडे आहेत, ते माझ्या डोक्यात राहीनात. म्हणून रोमेलला विचारून थोडीथोडी कागदावर ओतून पाहिली आणि नावं ठेवली. पहिली सपाट पापुद्र्यांची, हुबेहूब चहापत्ती. दुसरी गोल बारीक, खसखस. तिसरी चपट्या कणांची, काळे तीळ. रोमेल आता ऐटीत "मॅम, टुडे चहापत्ती?" असं विचारतो.

त्यानं मला समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहून ठेवते. पावडर पुंगळीत दाबाखाली जळते. सरावाच्या काडतुसात जोर कमी ठेवतात, मग काही पावडरी ओल्या लाकडासारख्या धुमसतात, पुऱ्या जळतच नाहीत, आणि उरलेलं सगळं धूर नि काजळी होऊन बाहेर येतं. आपल्याला कमी दाबातही भडकून, संपून जाणारी हवी. शिवाय भरायच्या यंत्रातल्या मापातून ती दर वेळी सारखी पडायला हवी. एखादीत कमी, एखादीत जास्त, असं झालं तर काजळीची काळजी करायला माणूस उरायचा नाही, हे रोमेलनं हसत सांगितलं, पण डोळे हसत नव्हते.

घरी दत्ताला हे सगळं रंगवून सांगितलं. तो मेथी निवडत ऐकत होता. लग्नाला सतरा वर्षं झाली, मेथी आणि कोथिंबीर यांत फरक असतो हे या पुणेकराला आत्ता कळलंय. ही जुडी ओमानची, ताजी आहे, म्हणाला. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, इंटरनेटवर वाचलं.

मंगळवार, ३ मार्च

परीक्षेची पद्धत ठरली. आधी मी जुनी चादर टांगणार होते. कॅप्टननी नाक मुरडलं. चादर सुती, कंदुरा टेरिकॉटचा, काजळी धरायची रीत वेगळी. नवे कंदुरे काजळीत घालवायला क्लब तयार नाही. मग मला आठवलं, दत्ताचे पांढरे ऑफिस शर्ट त्याच कापडाचे. ऑफिसात आता टाय लागत नाही, इस्त्रीही लागत नाही म्हणे, सगळं कॅज्युअल. स्वतःच मशीनला लावतो, बाल्कनीत वाळवतो आणि तसाच चुरगळलेला घालतो. इतकी वर्षं कडक कॉलरीसाठी माझ्या डोक्यावर बसणारा हा माणूस!

तर त्याचा एक शर्ट नेला आणि लाकडी स्टँडवर चढवून नेमबाजाच्या शेजारी, उजवी बाही पिस्तुलाकडे करून, उभा केला. रोमेलनं त्याला सॅल्यूट ठोकून "गुड मॉर्निंग, मिस्टर दत्ता" म्हटलं. मग चहापत्तीची काडतुसं वाजवली. शर्ट घरी आणून नेहमीसारखा धुतला, कडक इस्त्री केली आणि खिडकीच्या उजेडात पाहिला. बाही जवळजवळ स्वच्छ. मी खूश. पण रोमेलनं मान हलवली. पापुद्रे मापात अडकतात, कधी कमी पडते, कधी जास्त. चहापत्ती बाद.

शुक्रवार, २० मार्च

खसखशीची परीक्षा काल झाली. मापातून पाण्यासारखी सरळ पडते, रोमेल खुशीत होता. पण दुसऱ्या शर्टाची बाही अशी झाली की चूल फुंकून आल्यासारखी. टेबलावर न जळलेले दाणेसुद्धा सापडले. धुऊन, इस्त्री करूनही करडेपणा गेला नाही. खसखसही बाद. आता सगळी भिस्त तिळावर. ती परीक्षा पुढच्या महिन्यात, कारण मधल्या काळात परवान्याचं नूतनीकरण आहे.

आज युसुफ आणि सायरा जेवायला आले होते. युसुफ रत्नागिरीचा, दुबईतल्या रास अल खोरच्या मार्केटात फळांचा होलसेल गाळा. दत्ताची आणि त्याची दोस्ती जुनी, पण अलीकडे फारच दाट झालीय. जाताना दारात युसुफ म्हणाला, "भाई, उद्या जरा लवकर, कंटेनर आहे," आणि एकदम गप्प झाला. दत्ता म्हणाला, त्याला गाळ्याचं काही मोजमाप करून हवंय. क्वांटिटी सर्व्हेअर माणूस, मित्रांना फुकट उपयोग. मी म्हटलं, करून दे की, एवढं काय लपवायचं त्यात. दोघंही जरा जास्तच हसले.

मंगळवार, १४ एप्रिल

दत्ताचं पोट उतरलंय. डॉक्टरांनी बीपीची गोळी अर्धी केली. रंग मात्र उन्हात फिरल्यासारखा रापलाय. म्हणतो साइट व्हिजिट वाढल्यात. आंघोळीत गातो. इराला विचारलं, बाबा हल्ली फारच आनंदात आहे ना? ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "मॉम, ही स्मेल्स लाइक फ्रूट. इट्स वीअर्ड."

खरंच हल्ली तो फळंही खूप आणतो. आज हापूसची पेटी आणली, क्लायंटनं दिली म्हणाला. मी विचारलं, अशी पेटी केवढ्याला पडते रे? पटकन म्हणाला, होलसेल पंचाण्णव दिरहम, म्हणजे साडेबाराशे रुपये, पण परवापासून उतरेल. या माणसाला मागच्या वर्षीपर्यंत दुधाचा भाव माहीत नव्हता. मंदीनं सगळ्यांनाच शहाणं केलंय.

बुधवार, २२ एप्रिल

आज तिळाची परीक्षा. दुपारी घाईत घरी येऊन बाल्कनीतल्या दोरीवरूनच दत्ताचा एक धुतलेला शर्ट ओढून नेला. तो झोपलेला होता.

काय सांगू, तीळ म्हणजे सोनं! मापातून सरळ पडतात, धूर जवळजवळ नाही. रोमेलनं नंतर पिस्तूल उघडून पांढऱ्या चिंधीनं आतून पुसलं आणि चिंधी माझ्यासमोर नाचवली. कॅप्टन स्वतः येऊन दोन फैरी झाडून गेले आणि मिशीवर बोट फिरवून "कोयस, कोयस" म्हणाले, म्हणजे छान. डबा पूर्ण संपला. उद्या शर्ट इस्त्री करून दाखवायचा की खोली वाचली.

संध्याकाळी दत्ता बाल्कनीत काहीतरी शोधत होता. माझा दोरीवरचा शर्ट कुठाय, म्हणून दोनदा विचारलं. मी म्हटलं, देशसेवेला गेलाय.

गुरुवार, २३ एप्रिल

हात टेकले.

सकाळी इस्त्री फिरवली आणि शर्टावर तांबूस डाग उगवले. धुतल्यावर नव्हते, इस्त्रीखाली आले. डाव्या खांद्यावर मोठा, ओघळ आल्यासारखा, आणि छातीवर शिंतोडे. म्हणजे या पावडरीचं काहीतरी तेलकट उडतं, जे आधी दिसत नाही आणि उष्णता लागली की बोलतं. कंदुरे तर सगळे लाँड्रीत कडक इस्त्रीत जातात. अबू राशिद पुढच्या लग्नात बिबट्या होऊन पोचतील.

रोमेल शर्टाकडे बघतच राहिला. त्याचं म्हणणं, पिस्तूल आतून आरशासारखं आहे, डाग पावडरीचे असूच शकत नाहीत. आणि पिस्तूल उजवीकडे होतं, डाग डाव्या खांद्यावर कसे? मी म्हटलं, रोमेल, मी तुझं ऐकेन, पण इस्त्री खोटं बोलत नाही. कॅप्टननी शर्ट पाहिला आणि टेबलावर घडी करून ठेवला. नमुना संपलाय. रविवारी सप्लायरला हो किंवा नाही कळवायचं. ‘नाही’ कळवलं की खोलीला कुलूप.

रोमेल दिवसभर यंत्र पुसत बसला होता. त्याला घरी दोन मुली आहेत. मला त्याच्याकडे बघवेना.

घरी जेवताना दत्ताला सांगितलं, खोली बंद झाली तर मीही सोडते. दुसरीकडे कुठे आता धावत बसू? तुझा पगार आहेच, एक वर्ष आरामात घरी बसेन. दत्तानं तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं. ग्लास आधीच भरलेला होता. पाणी टेबलावर, टेबलावरून इराच्या मांडीवर. वेंधळा तो वेंधळाच. नंतर म्हणाला, इतक्यात काही ठरवू नकोस. आवाज कसा बसल्यासारखा वाटला. एसीनं होतं.

शुक्रवार, २४ एप्रिल

दुपारी इराचे शाळेचे पांढरे शर्ट इस्त्रीला घेतले. पहिल्याच्या बाहीवर इस्त्री फिरवली आणि तांबूस डाग उगवला.

मी तिला हाक मारून झापायला सुरुवात केली. काल पेटीतले आंबे काढताना युनिफॉर्म बदलायला काय होतं, देठाचा चीक लागला की जन्मात निघत नाही, आधी दिसत नाही आणि इस्त्रीखाली बरोबर... आणि वाक्य तिथेच थांबलं. इरा म्हणाली, "ओके, सॉरी, व्हाय आर यू स्टेअरिंग?"

मी इस्त्री बंद केली आणि खाटेवर बसले.

माझं आजोळ देवगडचं. मे महिन्यात आमच्या एकाही फ्रॉकचा खांदा डागावाचून राहिलेला नाही. पेटी खांद्यावर घेतली की ताज्या देठांचा चीक फटीतून ओघळतो, नेमका तिथेच. डाव्या खांद्यावर मोठा डाग आणि छातीवर शिंतोडे. हा डाग बघून मी पावडरीला दोष दिला! देवगडच्या नातीनं!

मग बाकीचं सगळं आपोआप एकामागून एक येऊन उभं राहिलं. पहाटेची शिफ्ट, उतरलेलं पोट, ओमानची मेथी, कंटेनर, होलसेल पंचाण्णव. माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणे! घरात माणूस तीन महिने पेट्या वाहतोय, आणि मी त्याचाच शर्ट स्टँडला लावून त्याच्या बाहीवर काजळी शोधत होते.

आधी राग आला, चांगलाच आला. माझ्याशी खोटं? मग तो भरलेला ग्लास आठवला. तुझा पगार आहेच, असं मी किती सहज म्हणाले होते. तेव्हा मात्र राग कुठे गेला कळलं नाही, नुसतं रडू आलं.

पण रडून भागत नाही, रविवार तोंडावर आहे. डाग पावडरीचे नाहीत हे कॅप्टनना पटवायचं तर ते कसले, कुणाचे, शर्टावर कसे आले, हे सांगावं लागणार. कॅप्टन पोलिसातले, अर्धवट उत्तर घेणार नाहीत. म्हणजे खोली वाचवायची तर दत्ताचं गुपित क्लबभर होणार. ज्या क्लबात मी क्यू.एस., क्यू.एस. करून मिरवलेय, तिथेच.

शनिवार, २५ एप्रिल

दत्ता उठायच्या आधी उठले. त्याचा जुना गडद निळा चौकड्याचा शर्ट शोधला, इस्त्री केली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून चहा ठेवला. तो अंधारात चुरगळलेला पांढरा शर्ट चाचपत बाहेर आला.

मी म्हटलं, "आज हा निळा घाल. चीक लागला तरी दिसत नाही त्यात."

तो चपलांच्या रॅकवर बसला. मग विचारलं, "युसुफ बोलला?"

"नाही, इस्त्री बोलली."

मग त्यानं सगळं सांगितलं. जानेवारीच्या शेवटी ऑफिसनं अर्ध्या लोकांना बिनपगारी रजेवर पाठवलं. जूनपर्यंत व्हिसा चालू ठेवतो म्हणाले, पुढचं बघू. पहिल्या दिवशी तो गाडीत बसून राहिला, मग युसुफच्या गाळ्यावर नुसता चहा प्यायला गेला. तिथे कंटेनर आला होता आणि माणसं कमी होती. यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. संध्याकाळी युसुफनं पैसे दिले तेव्हा लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच जाग आली. कुठली पेटी आधी पिकणार, कुठली अबुधाबीपर्यंत तग धरणार, हे आता तो नुसत्या वासावरून सांगतो म्हणे. अजमान, शारजाचे दुकानदार दत्ताभाईनं निवडलेलीच पेटी द्या म्हणतात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, "तू तुझ्या पावडरीत इतकी रमली होतीस. आणि तू सगळ्यांना माझं इतक्या अभिमानानं सांगायचीस, मला तुझा तो चेहरा मोडायचा नव्हता."

मला त्याच्या डोक्यात एक टपली मारावीशी वाटली. मारली. मग त्याचा हात धरून खरा प्रश्न विचारला.

"उद्या कॅप्टनना सांगावं लागेल, डाग कसले ते. सांगितलं नाही तर खोली बंद. रोमेल आणि ती तिघं घरी. सांगू का?"

त्यानं निळा शर्ट अंगात घातला, बटणं लावली, चहा संपवला. एवढ्या वेळात माझा जीव टांगणीला. मग म्हणाला, "सांग. पण नुसतं सांगून तो विश्वास ठेवायचा नाही. चल माझ्याबरोबर, तुला पुरावा निवडून देतो."

इराला चिठ्ठी ठेवून गेले. मार्केटात पोचेपर्यंत उजाडलं होतं. ट्रकांच्या मधून हा माझा नवरा असा चालत होता की जणू जन्म तिथेच गेलाय. याला सलाम, त्याला यल्ला म्हणजे चल चल, एका इराण्याशी भावावरून हुज्जत, आणि सगळे दत्ताभाई, दत्ताभाई. कन्सल्टन्सीच्या पार्ट्यांत हा कोपऱ्यात सूप घेऊन उभा असायचा. युसुफ मला बघून पेटीमागे लपायला निघाला. मी म्हटलं, युसुफभाई, तुमचा हिशेब सायराकडे करते. तो म्हणाला, "वहिनी, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, घरी बोल. आणि मार्केटात पांढरा शर्ट घालू नको हेपण सांगितलं. पुण्याचा माणूस, ऐकतो काय?"

दत्तानं तीन कच्चे हापूस निवडले, आखूड डहाळीसकट. वास घेतला, देठ बोटानं दाबून पाहिला. "घे. यांचा चीक जोरदार आहे. तुझा कॅप्टन जन्मभर विसरणार नाही."

रविवार, २६ एप्रिल

कॅप्टनच्या केबिनमध्ये मी इस्त्री, तीन आंबे आणि क्लबाचा एक पांढरा टॉवेल घेऊन शिरले. मागून रोमेल, आणि दारात ती तिघं. कॅप्टननी घड्याळाकडे पाहिलं आणि कुकिंग क्लास आहे का, म्हणून विचारलं.

मी आंब्याचा देठ मोडला. चिकाची चिळकांडी टॉवेलवर. कॅप्टननी वाकून पाहिलं, काही दिसत नव्हतं. मग इस्त्री टेकवली. तांबूस डाग हळूहळू वर आला. शेजारी दत्ताचा शर्ट उलगडून ठेवला. तोच रंग, तोच ओघळ. मग शर्टाची उजवी बाही पुढे केली, पिस्तुलाच्या बाजूची. दुधासारखी पांढरी. दोन दिवस आम्ही सगळे डागाकडेच बघत बसलो होतो, बाहीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. रोमेल सोडून.

कॅप्टननी टॉवेल उलटसुलट केला. आणि मला माहीत होतं तोच प्रश्न आला.

"मॅडम, मँगो मेरे क्लब में कैसे आया? ये शर्ट तो आप के हजबंड का. वो इंजिनियर है ना?"

केबिनमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते.

"था, सर. अभी रास अल खोर मार्केट में आम का काम करता है. पेटी कंधे पर उठाता है, इसलिए दाग लेफ्ट शोल्डर पे. बहुत अच्छा आम चुनता है."

कॅप्टननी उरलेल्या दोन आंब्यांतला एक उचलला, नाकाशी धरला आणि म्हणाले की त्यांचे वडील खोरफक्कानच्या बंदरात बोटीवरून खजुराच्या गोण्या उतरवायचे, त्यांचाही डावा खांदा आयुष्यभर खाली झुकलेला होता. मग फोन उचलून सप्लायरला सांगितलं, काळे तीळ पाठवा. म्हणजे त्यांनी आकडा सांगितला, पण रोमेल मागून "तीळ, तीळ" पुटपुटत होता. आणि फोन ठेवता ठेवता मला म्हणाले, मेंबरांसाठी दहा पेट्या हव्यात, तुमच्या मिस्टरांनी स्वतः निवडलेल्या. पहिली अबू राशिदच्या घरी जाईल, सोबत निरोप, कंदुरा घालून या.

हॉलमध्ये परत आल्यावर रोमेलनं स्टँडला सॅल्यूट ठोकला. आज स्टँड उघडाच होता.

दत्ताला फोन करून ऑर्डर सांगितली. मला वाटलं होतं, आधी विचारेल कॅप्टन काय म्हणाला, लोक काय म्हणाले. त्यानं विचारलं, पेट्या आज खायच्या हव्यात की चार दिवसांनी पिकणाऱ्या? पलीकडून युसुफ ओरडत होता, वहिनीला कमिशन दे म्हणून.

शुक्रवार, ८ मे

तीळ आले. परवा अबू राशिदही आले, शुभ्र कंदुऱ्यात, आणि तसेच शुभ्र परत गेले. जाताना आंब्याचंच बोलत होते, पावडरीचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. चांगल्या पावडरीचं हेच, रोमेल म्हणतो, ती होती हे कुणाला कळत नाही.

जूनपासून युसुफ दत्ताला आपल्या गाळ्याच्या लायसन्सवर कामाला घेतोय, म्हणजे व्हिसाचीही चिंता मिटली. ऑफिसनं परत बोलावलं तर काय, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, सीझन संपेपर्यंत तर मुळीच नाही. इरानं मैत्रिणींना सांगून टाकलंय, "माय डॅड इज इन मँगोज," आणि त्या चौघी उद्या पेटी उघडायला येणार आहेत. त्यांना काळे टी-शर्ट घालून यायला सांगितलंय.

तिसरा शर्ट कॅप्टनकडून मागून आणला. पावडरीचा त्यावर कणही नाही. चिकाचे डाग मात्र आता निघायचे नाहीत. कडक इस्त्री केली, कॉलर त्याला आवडायची तशी, आणि कपाटात सगळ्यात वर ठेवला.